निरंक

मला माशांतलं सगळं कळतं, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मला ठाऊक आहे. ठाण्याच्या बाजारात वर्षानुवर्षं मी कल्ले उचलून, पोटाला अंगठा दाबून, माशाच्या डोळ्यांत डोळे घालून ‘मावशी, हा परवाचा दिसतो’ असं ठणकावून सांगत आलोय, आणि मावशीही ‘तुम्हाला काय सांगायचं साहेब’ म्हणत तोच परवाचा मासा कौतुकानं बांधून देत आल्यात. मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे समुद्र आमच्या रक्तात आहे असं मी चारचौघांत सांगतो. रिपोर्टात साखर येते.

तर लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. ती सिॲटलजवळ इसाक्वा नावाच्या गावात राहते. गाव डोंगरांच्या कुशीत, टुमदार, आणि सप्टेंबरात हवा अशी की स्वेटर घालावा तर उकडतं, काढावा तर ही ओरडते. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. संध्याकाळी ते कुंपणापलीकडे गवत कापायचे आणि मी कुंपणाअलीकडे उभा राहून ते कसं कापावं याचा विचार करायचो. एकदा त्यांनी विचारलं, मासे पकडता का? मी विनयानं ‘लिटिल, लिटिल’ म्हणालो. विनयानं ‘थोडंफार’ म्हटलं की समोरच्यानं भरपूर समजायचं, ही रीत फक्त आपल्याकडे आहे असा माझा समज होता. ती तिथेही आहे.

त्यांचे डोळे चमकले. ते काठीला पिसांची माशी बांधून, समुद्राच्या काठावर उभं राहून सॅमन पकडणाऱ्यांतले निघाले. होडी नाही, जाळं नाही, खरं आमिष नाही. पाण्यात मांड्यांपर्यंत उभं राहायचं आणि नदीकडे परत निघालेला मासा काठाजवळून जाताना त्याला पिसांनी फसवायचं. ‘येणार ना?’ त्यांनी विचारलं. मागून जावयानं खोकून इशारा दिला, पण तोवर मी ‘व्हाय नॉट’ म्हणून चुकलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझी शिकवणी सुरू झाली. शिक्षिका माझी नात, इयत्ता दुसरी. त्या भागातल्या शाळेत पॅसिफिकचे पाच सॅमन पाच बोटांवर शिकवतात. अंगठ्याला इंग्रजीत थम म्हणून तो चम. तर्जनी डोळ्यात जाते म्हणून सॉकाय. मधलं बोट सगळ्यांत मोठं म्हणून किंग, म्हणजेच चिनूक. चौथ्या बोटात अंगठी म्हणून सिल्व्हर, म्हणजेच कोहो. आणि करंगळी म्हणजे पिंक, जो तिथल्या पुजेट साउंड या खाडीत मोठ्या संख्येनं येतो तो विषम वर्षीच. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला या घराण्याचा सोयरा समजत होतो. रावसाचं आणि सॅमनचं काडीचं नातं नाही, हेही तिनंच मला टॅबवर दाखवलं. मराठी बोटांची नावं तिला मी शिकवली होती, त्यामुळे रात्री जेवताना तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘आजोबा सप्टेंबरमध्ये अनामिका पकडायला जाणार आहेत.’

ही वाढता वाढता थांबली.

मग परवाना. दुकानातल्या मुलानं उंची विचारली, वजन विचारलं, डोळ्यांचा रंग विचारला, आणि केसांच्या रंगाशी आल्यावर माझ्या डोक्याकडे एकदा बघून तो सभ्य माणूस शब्द शोधू लागला. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचं मी विचारून पाहिलं. ती फक्त त्या राज्याच्या रहिवाशांना. परवान्याबरोबर एक कार्ड मिळालं. ठेवून घेतलेल्या प्रत्येक सॅमनची नोंद तिथल्या तिथे, शाईनं, त्या कार्डावर करायची: तारीख, विभागाचा क्रमांक, माशाची जात. मी जन्म सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर काढलेला. परमुलखात असे आखलेले रकाने पाहून मला गहिवरून आलं. ओळी कमी पडल्या तर पुरवणी मिळते का, असंही मी त्या मुलाला विचारलं. त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. तो आदर त्या सबंध मोसमात मला मिळालेला शेवटचा.

सामान पोस्टमनसाहेबांनी दिलं. छातीपर्यंत येणारी, मोज्यांसकट शिवलेली जलरोधक विजार, जिच्यात शिरताना मला जावयाचा आणि भिंतीचा असे दोन आधार लागले. नऊ फुटी काठी, चार तुकड्यांत मोडणारी. म्हणजे मुद्दाम मोडणारी. आणि कमरेला पट्ट्यानं बांधायचा प्लॅस्टिकचा टब. माशी फेकल्यावर दोरी हातानं झटके देत ओढायची असते, आणि ओढलेली दोरी पाण्यात सोडली तर लाट ती पायांत गुंडाळते किंवा समुद्री गवतात अडकवते, म्हणून ती या टबात साठवायची. विकतही मिळतो, पण त्यांचा घरी केलेला होता. हिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘अहो, हा तर भांडी विसळायचा टब.’ खरंच होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांड्यांच्या टबाशी माझा एवढा निकटचा संबंध पहिल्यांदाच येत होता.

माशी मात्र देखणी. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर नावाच्या माणसानं १९८०च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी ती बांधली, लेफ्टी क्रे या नावाजलेल्या गळबहाद्दरानं तिला नाव दिलं ‘क्लाउझर डीप मिनो’, आणि आता ती जगभर खाऱ्या-गोड्या पाण्यात चालते. हरणाच्या शेपटीचे हिरवे-पांढरे केस, थोडी चमक, आणि डोळ्यांच्या जागी दोन जड मणी. त्या वजनानं झटका थांबला की ती डोकं खाली करून बुडते, ओढली की वर उसळते, आणि कोहोला वाटतं की घायाळ झालेलं मासुळीचं पिल्लू पळतंय. सॅमन गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो, पण समुद्रात तो अजून भुकेला असतो. म्हणून हा सगळा खटाटोप नदीच्या अलीकडे, खाऱ्या पाण्यात.

फेकण्याची विद्या मी मागच्या अंगणात शिकलो. साध्या गळाचं वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे. इथे वजन दोरीलाच. ती फेकायची आणि माशी तिच्यामागे फरपटत जाते. काठी मागे न्यायची, मग थांबायचं, दोरी हवेत मागे सरळ उलगडू द्यायची, आणि मगच पुढे झोकायची. सगळी गंमत त्या थांबण्यात. ज्या माणसानं सबंध नोकरीत एकाही कागदाला घाई केली नाही, फायली पिकल्याशिवाय टेबलावरून उतरवल्या नाहीत, त्याला ते अर्धं सेकंद थांबता येईना. माझी दोरी पुढे जाऊन गवतावर चकलीच्या वेटोळ्यासारखी पडायची. शेवटी एकदा ती सरळ गेली. जावयाचा चष्मा घेऊन गेली.

आणि मग तो दिवस उगवला. म्हणजे उगवण्याच्या कितीतरी आधी मला उठवण्यात आलं. एडमंड्सहून पहाटेच्या बोटीत गाडीसकट चढायचं, अर्ध्या तासात पलीकडे किंग्स्टनला उतरायचं, आणि तिथून हॅन्सव्हिलच्या रस्त्यानं ‘पॉइंट नो पॉइंट’ला पोचायचं. १८४१मध्ये चार्ल्स विल्क्सच्या मोहिमेनं हे नाव दिलं. भूशिर लांबून मोठं वाटतं, जवळ गेलं की तेवढं भरत नाही, म्हणून ते पडलं असं सांगतात. तिथलं दीपगृह १८७९चं, पुजेट साउंडवरचं सगळ्यांत जुनं, आणि उंचीनं अगदी बेताचं. पाण्यापलीकडे व्हिडबी बेट, स्वच्छ हवेत एका अंगाला माउंट बेकर आणि दुसऱ्या अंगाला माउंट रेनियर. काठावर वाहून आलेले प्रचंड ओंडके. एका ओंडक्यावर ही शाल पांघरून, थर्मास आणि धपाट्यांचा डबा घेऊन बसली; शेजारी नात. प्रेक्षागृह भरलं.

पोस्टमनसाहेब विजार चढवता चढवता इतिहास सांगत होते. याच जागी १८५५च्या जानेवारीत क्लालम, स्कोकोमिश आणि चिमाकम या मूळनिवासी जमातींनी राज्यपाल स्टीव्हन्सबरोबर तह केला; जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क कागदावर राहिला. पुढे नदीकाठी अटका झाल्या, मारहाणी झाल्या, आणि १९७४मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की तहाच्या जमातींना धरण्याजोग्या माशांतला निम्म्यापर्यंत वाटा मिळालाच पाहिजे. मला तो निकाल मनापासून पटला. उरलेल्या निम्म्यातला माझा वाटाही मी त्या दिवशी काठावर तसाच सोडून आलो.

मी पाण्यात उतरलो. पाणी १२-१३ अंशांचं. विजारीतून ओल येत नाही पण थंडी येते. डावीकडे-उजवीकडे माणसं ओळीनं उभी. काहीजण जड लोखंडी गळ भिरकावणारे, काही आमच्या पंथाचे. धुकं विरळ होत होतं, ओहोटीचा ओघ सुरू झाला होता, आणि दहा-बारा हातांवर कोहो पाण्याबाहेर उसळ्या मारत होते. चंदेरी, जाडजूड, बिनधास्त. मी काठी मागे नेली, थांबलो, खरोखर थांबलो, आणि सर्व शक्तीनिशी पुढे झोकलं. दोरी गेली नाही. जोर लावला. काठी वाकून अर्धगोल झाली. ‘मोठा आहे!’ मी ओरडलो.

‘आजोबा,’ मागून नात म्हणाली, ‘मासे पुढे आहेत.’

मी ओंडका पकडला होता. तो सुटला तेव्हा पुढच्या फेकीत हिची शाल आली, मग माझीच टोपी, मग रानगुलाबाचं काटेरी झुडूप, आणि मग उजवीकडून वारा आला तेव्हा माशी येऊन माझ्या कानाच्या पाळीत बसली. इथे एक सांगितलं पाहिजे. त्या पाण्यात सॅमनसाठी गळाला उलटा काटा ठेवायला बंदी आहे, म्हणजे सोडून द्यायचा मासा कमीत कमी इजा होऊन सुटतो. पोस्टमनसाहेबांनी बोटानं हलकेच मागे ढकलून तो सहज काढला. कायदा माशांसाठी केला, पहिला लाभार्थी मी ठरलो. ‘सोडायचा की ठेवायचा?’ त्यांनी हिला विचारलं. हिनं उत्तर द्यायला बराच वेळ घेतला.

थोड्या वेळानं सिॲटलकडे जाणारं एक भलंमोठं मालवाहू जहाज समोरून गेलं. तिथे जहाजं काठाच्या फार जवळून जातात. त्याच्यावरचे रंगीबेरंगी कंटेनर मी कौतुकानं मोजत होतो. जहाज गेलं, पाणी निवांत झालं, आणि माझ्या आजूबाजूची सगळी माणसं एकही शब्द न बोलता चार पावलं मागे सरकली. मला वाटलं, पाहुणा म्हणून मला जागा करून देतायत. मी मान झुकवून आभार मानले. जहाजाच्या लाटा काठाला जहाजानंतर काही मिनिटांनी पोचतात, हे त्यांना माहीत होतं. पहिली लाट छातीवर आली, दुसरी विजारीत उतरली, तिसरीनं टबातली सगळी दोरी काढून माझ्याभोवती नीट गुंडाळली आणि मला ओंडक्यापाशी, हिच्या पायांशी आणून ठेवलं. ‘चहा घेता?’ ही म्हणाली.

तोवर डावीकडच्या आठ-नऊ वर्षांच्या एका पोरानं मासा काढला होता. सीलनं तर दोन काढले. तो मधूनच गोल डोकं वर काढून आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा कामाला जायचा. मलाही एक मिळाला, नाही असं नाही. बोटभर लांब, डोकं सगळ्या अंगापेक्षा मोठं, गालांवर काटे, आणि चेहऱ्यावर अत्यंत नाराजी. स्कल्पिन. खडकांत आणि वाळूत पडून राहणारा तळाचा मासा. पोस्टमनसाहेब ‘ब्यूटिफुल’ म्हणाले. निवृत्त पोस्टमन; वाईट बातमी हळुवार द्यायची सवय.

चहा प्यायला मात्र मी पाण्यातून बाहेर आलो नाही, कारण एकदा बाहेर आलो की परत जायची छाती होणार नाही हे मला माहीत होतं. ओला टब सोडून हिच्याकडे दिला, काठी काखेत धरली, एका हातात कप, दुसऱ्या हातात धपाटं, आणि माशी पुढे हातभर अंतरावर पाण्यात नुसती लोंबत होती. कोहो काठापर्यंत माशीचा पाठलाग करत येतात आणि ऐन वेळी तोंड फिरवून जातात, असं सकाळपासून ऐकत होतो. हा आला आणि त्यानं तोंड फिरवलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत, गुडघाभर पाण्यात, एक चंदेरी अंग वळलं आणि काखेतली काठी हिसकली गेली. कप गेला, धपाटं गेलं, काठी कशीबशी धरली. दोरी पाण्यात मोकळी होती, ती सरसरत निघाली, मासा एकदा पूर्णच्या पूर्ण हवेत उडाला, सगळा किनारा ओरडू लागला, कुणी म्हणतंय वर धरा, कुणी म्हणतंय सोडा, ही म्हणतेय कप, आणि मी जन्मात पहिल्यांदा एका जिवंत, रागावलेल्या सॅमनला बांधलेला होतो. मग दोरी थांबली. मासा थांबला नव्हता. मी तिच्यावर उभा होतो.

तटकन आवाज आला. हलक्या झालेल्या काठीकडे बघत मला जवळपास सगळे उपाय सुचले आणि शेवटी पायाखालून दोरी काढायचं सुचलं. ‘पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, तो लहानसा पर होता का?’ पोस्टमनसाहेबांनी विचारलं. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर कापलेला असतो. आमच्या वेळच्या नियमानं तसाच कोहो ठेवता येत होता, जंगली असेल तर सोडायचा. मी म्हटलं, होता, स्पष्ट दिसला. मला काहीही दिसलं नव्हतं. पण जंगली म्हटल्यावर तो मी कायद्याला मान देऊन सोडला असं ठरतं.

संध्याकाळी लेकीनं दुकानातला सॅमन आणून आगळ घालून त्याचं कालवण केलं. मी कल्ले बघायला उठलो, तुकडे होते.

आता खरी गंमत ऐका. इसाक्वात भर गावात १९३०च्या दशकातली सॅमन हॅचरी आहे. पॉइंट नो पॉइंटवरून गेलेले कोहो आणि चिनूक सिॲटलच्या बॅलार्डच्या जलपाशांपाशी येतात, २१ पायऱ्यांची माशांची शिडी चढतात, लेक वॉशिंग्टन ओलांडतात, नदीनं लेक समामिशला येतात, आणि तिथून इसाक्वा क्रीक या ओढ्यानं थेट हॅचरीच्या दारात. लेकीच्या घरून चालत दहा मिनिटं. ज्यांच्यासाठी मी पहाटे उठून, बोटीत बसून, कान टोचून घेऊन समुद्रापलीकडे गेलो, ते संध्याकाळच्या फेरफटक्यात कठड्यावरून खाली बघितलं की शेकड्यांनी पोहताना दिसत होते. पुढे ते आणखी दाट येतात, आणि ऑक्टोबरच्या आरंभी गाव त्यांची जत्राच भरवतं. गळ लावायला अर्थात बंदी. त्यांना लहानपणच्या ओढ्याचा वास आठवतो म्हणतात. याच इसाक्वात १९५०च्या दशकात हॅसलर आणि विस्बी या शास्त्रज्ञांनी ओढ्याच्या दोन फाट्यांवर आलेले कोहो पकडून काहींच्या नाकात कापसाचे बोळे घातले आणि सगळे फाट्याच्या खाली सोडले. बिनबोळ्याचे बहुतेक आपापल्या फाट्याला परतले, बोळेवाले गोंधळले. आपल्याकडे बोळे माणूस गेल्यावर घालतात. हे मासे बोळे घालूनही निघाले होते. मी दोन्ही नाकपुड्या मोकळ्या असून त्या दिवशी पार्किंगमध्ये पोस्टमनसाहेबांची गाडी शोधत होतो.

परत ठाण्याला आलो आणि एप्रिलमध्ये लेकीचा फोन. ‘बाबा, त्या कार्डाचा हिशेब द्यायचाय, महिनाअखेर मुदत आहे.’ म्हटलं, अगं, कार्ड कोरं आहे. ती म्हणाली, कोरं असलं तरी द्यावाच लागतो. एकही मासा न मिळालेल्यांनी आणि न गेलेल्यांनीही. या कार्डांवरून ते राज्यातल्या एकूण पकडीचा अंदाज बांधतात, आणि नुसते मिळालेल्यांनीच कळवलं तर आकडा फुगतो. मी चष्मा लावला, संगणकासमोर ताठ बसलो, आणि ज्या हातानं आयुष्यभर सरकारला रकाने भरून दिले त्या हातानं प्रत्येक जातीपुढे शून्य लिहिलं. चिनूक निरंक. कोहो निरंक. चम निरंक. पिंक, ते सम वर्ष असल्यानं, तसाही निरंक. स्कल्पिनला रकाना नव्हता, मी शोधला. पोचपावतीची प्रत काढून फाइलला लावली, आणि हिला सांगितलं की वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्यगणनेत आता माझाही आकडा आहे.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा जायचं ठरलंय. एका वर्षाच्या आकड्यावर सरकारनं काय अंदाज बांधावा?